येण्याजाण्याचा नवस

मी बोलतेय ती दोनच माणसांची गाडी. लांब नाकाची, जमिनीला जवळजवळ पोट टेकलेली. आणि लाल नाही बरं का, काळसर हिरवी. माझ्या जातीची, शर्यतीच्या धाटणीची गाडी म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे लालच रंग येतो. पण माझ्या मालकाने रंगाऱ्याला सांगितलं होतं, "संध्याकाळी डोंगरावरची झाडं दिसतात ना, तशी कर."

बोलतेय म्हणते खरी, पण मला तोंड नाही. मला थरथरता येतं, तापता येतं, कुरकुरता येतं. माझं बोलणं म्हणजे एवढंच. ज्या दिवसाची ही हकिकत आहे त्या दिवशी मी सकाळपासून बोलत होते, अगदी जीव तोडून बोलत होते. आणि माझ्याभोवतीची माणसं हसत होती.

माझा जन्म मोदेना शहराजवळ, पानारो नदीच्या काठच्या एका लहानशा कारखान्यातला. तिथे पत्रा ठोकणारे चार-पाच जण होते. वाळूने भरलेल्या चामड्याच्या गादीवर पत्रा ठेवायचा आणि लाकडी हातोडीने हळूहळू त्याला वळण द्यायचं. माझं डावं मडगार्ड एकाने घडवलं, उजवं दुसऱ्याने. समोर उभं राहून नीट पाहिलंत तर माझे दोन्ही गाल तंतोतंत सारखे नाहीत. माणसांचे तरी कुठे असतात?

पोटात बारा सिलिंडरचं इंजिन. पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा कारखान्याच्या छपरावरची कबुतरं उडाली, आणि कोपऱ्यात डबा उघडून बसलेला म्हातारा म्हणाला, "आली गं बाई, जगात आली."

लेआर्को बोर्तोलानी हा माझा मालक. फरश्यांचे साचे करण्याचा त्याचा उद्योग होता. अर्धं आयुष्य धुळीत घालवून त्याने मला आणलं, आणि आणलं त्या दिवसापासून दुसऱ्या कुणाला माझ्या स्टिअरिंगपाशी बसू दिलं नाही. त्याचा धाकटा भाऊ एर्मेस स्वतः गाड्या दुरुस्त करणारा. माझं तेल, माझ्या तारा, माझे ब्रेक, सगळं त्याच्याच हातचं. पण मला चालवायला मागितलं की लेआर्को म्हणायचा, "खाली झोप हवं तेवढं. वर बसायचं नाव काढू नकोस."

एर्मेस हसायचा. आणि माझ्या पोटाखाली सरपटत जाऊन बराच वेळ काही न करता नुसता पडून राहायचा.

लेआर्कोची बायको नीवेस. तिने मला कधी वाईट शब्द लावला नाही. पण गॅरेजच्या दाराशी येऊन सवतीकडे पाहावं तशी माझ्याकडे पाहायची. लेआर्को मला डोंगरात घेऊन जाई, तेव्हा ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी जपमाळ घेऊन बसे. आम्ही वळणावर दिसलो की माळ खिशात टाकून पास्त्याचं पाणी चुलीवर चढवी. "उशीर झाला," एवढंच म्हणायची. आणि तेही माझ्याकडे पाहून.

अशी वर्षं गेली. मग एका वसंतात लेआर्कोने मला चार नवे कोरे टायर घातले. स्वतःच्या हाताने. एर्मेसला नुसतं पान्हे द्यायला उभं केलं. त्या टायरांवर आम्ही जेमतेम तीन-चार वेळा बाहेर पडलो असू. उन्हाळ्यात त्याचं पोट दुखायला लागलं, आणि द्राक्षं तोडायच्या दिवसांत तो गेला.

माझ्यावर करडं कापड पडलं.

त्यानंतर एर्मेस न चुकता यायचा. कापड काढायचा, बाहेरूनच हात घालून इंजिन थोडा वेळ चालवायचा, तेल बदलायचा, पत्रा पुसायचा. मला जागेवरून मात्र हलवायचा नाही. "दादा सांगून गेलाय, वर बसायचं नाही," असं स्वतःशीच म्हणायचा. त्याच्या मंडळातले जुन्या गाड्यांचे शौकीन मला पाहायला यायचे. गुडघ्यावर बसून टायरांवरून हात फिरवायचे.

"अरे, नक्षी बघ! काल दुकानातून आणल्यासारखी."

"हात लावायचा नाही," एर्मेस म्हणायचा. "दादाने बसवलेत. आणि ह्या जातीचे आता निघतच नाहीत. हे गेले की गाडीचं मूळपण गेलं."

सगळे माना डोलवायचे. मूळपण हा त्यांच्यात देवघरात बोलावा तसा शब्द आहे.

आता माझं दुखणं सांगते. रबर झिजतं तसं नुसतं बसूनही म्हातारं होतं. वरून काही दिसत नाही. पण आतून त्याचा ओलावा जातो, ते वाळतं, दगडासारखं होतं. माझ्या टायरांना आतल्या बाजूने, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, बारीक भेगा पडत गेल्या. वाळलेल्या भाकरीला पडतात तशा. एका जागी उभं राहून राहून चारही टायर खालून चपटे झाले. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर एर्मेसने सगळ्यांत आधी टायर तपासले असते आणि मालकाची खरडपट्टी काढली असती. पण माझ्यापाशी तो दुरुस्ती करणारा नसायचाच. माझ्यापाशी तो धाकटा भाऊ असायचा.

नीवेस गॅरेजमध्ये यायची ती टोमॅटोच्या रसाच्या बरण्या न्यायला. त्यांचं फडताळ माझ्या मागेच होतं. एकदा ती भरदुपारी आली आणि बरणी न घेताच माझ्यापाशी थबकली. तिची नात मिर्ता तेव्हा पाळण्यातली. बोलोन्याच्या इस्पितळात होती, ताप डोक्यात गेला होता. नीवेसने माझ्या बॉनेटवर दोन्ही हात टेकले, हातांवर कपाळ टेकलं, आणि मोठ्याने बोलली. माझ्याशी नाही. मी तिथे होते म्हणून ऐकलं, एवढंच.

"मारियामाते, ही पोर वाचव. मला जगात ज्याची सगळ्यांत जास्त भीती वाटते तेच मी तुला देते. पोर बरी झाली की ह्या गाडीत तिला शेजारी बसवून, मी स्वतः चालवत, मॉन्तेफोर्नोच्या संत क्रिस्तोफरच्या देवळापर्यंत नेईन. तिथे दोघींवर तीर्थ घेईन. आणि मग ही गाडी एर्मेस भावजींना देऊन टाकीन. माझ्यापाशी माझ्या नवऱ्याची एवढीच आठवण आहे, तीही ठेवणार नाही."

एवढाच नवस. शब्दन् शब्द माझ्या लक्षात आहे.

पोर बरी झाली. पण नवस लांबला. कधी मिर्ता फार लहान, कधी नीवेसचा खांदा दुखतोय, कधी पाऊस. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. तिला माझी भीती वाटत होती. तरी ती विसरली नव्हती. बरणी न्यायला आली की म्हणायची, "येते हं. यंदा नक्की." आणि तिच्या मनावर तो नवस भिजलेल्या घोंगडीसारखा जड होत जात होता.

शेवटी ह्या जुलैत, वाटसरूंचा राखणदार संत क्रिस्तोफर, त्याच्या उत्सवाच्या रविवारी, ती सपाट टाचेचे बूट घालून गॅरेजच्या दारात उभी राहिली. सोबत मिर्ता, आता सात वर्षांची, पुढचे दात पडलेली. मागे मिर्ताची आई लोरेत्ता, आणि एर्मेस, नवे कातडी हातमोजे खिशात घालून.

"वहिनी, नीट ऐका," एर्मेस खिडकीत वाकून म्हणाला. "क्लच जड आहे. पाय कच्चा ठेवू नका."

"माझा पाय कच्चा नाही. रोज चार जिने चढते."

"गिअर थंड असताना दुसरा पडत नाही. पहिल्यावरून थेट तिसरा. जोर लावू नका, हाताने समजूत काढा."

"चाळीस वर्षं तुमच्या भावाची समजूत काढली मी. ही काय मोठी."

लोरेत्ता खो खो हसली. "आई, रस्त्यात बंद पडलीस तर ढकलायला आम्ही मागेच आहोत हं."

नीवेस आत बसली. पहिल्यांदाच. लेआर्को गेल्यापासून त्या आसनावर कुणी बसलं नव्हतं. ती नेहमी घरची छोटी पांढरी गाडी चालवायची, उंच बसून, बाजाराची पिशवी शेजारी ठेवून. इथे एकदम पाय लांब गेले, डोळे जमिनीशी आले, समोर हे एवढं लांब हिरवं नाक. तिने स्टिअरिंगला हात लावला. मला कळलं, तिचे तळवे ओले आहेत.

किल्ली फिरली. बारा सिलिंडर जागे झाले. मिर्ताने कानांवर हात घेतले आणि आनंदाने किंचाळली.

"अगं बाई!" नीवेस म्हणाली. "ही तर देवळातल्या ऑर्गनसारखी वाजते."

खरं सांगू? मला त्या क्षणी पळायचं होतं. पायांत जीव नाही हे माहीत असून पळायचं होतं. आमची घडणच तशी असते.

आम्ही निघालो. पुढे मी, मागे एर्मेसच्या गाडीत तो आणि लोरेत्ता. नदीकाठचा सपाट रस्ता, दोन्हीकडे चेरीच्या बागा, उन्हाने पांढरं पडलेलं आभाळ. रस्ता इतका तापलेला की लांबवर पाणी साचल्यासारखं दिसत होतं. आणि पहिल्या फेऱ्यापासून माझं बोलणं सुरू झालं. धप्, धप्, धप्, धप्. टायरांचा चपटा भाग रस्त्यावर आपटत होता, आणि प्रत्येक धक्का स्टिअरिंगमधून नीवेसच्या मनगटात जात होता.

"आजी," मिर्ता म्हणाली, "गाडीला उचकी लागलीय."

"कुणीतरी आठवण काढत असेल तिची," नीवेस म्हणाली. पण तिचा चेहरा बदलला होता. चढ सुरू होण्याआधी पाणपोईपाशी तिने मला कडेला घेतलं आणि एर्मेसला बोलावलं.

"भावजी, हिचं काहीतरी दुखतंय."

एर्मेस हसला. "इतकी वर्षं एका जागी बसलात तर तुमचे गुडघे नाही का कुरकुरणार? थोडं चाललं की सुटतील. वर पोचेपर्यंत लोण्यासारखी चालेल बघा."

आणि त्याचं बोलणं खरं झालं. हेच तर वाईट झालं.

चढावर, चेस्टनटच्या झाडीतून वळणं घेत वर जाताना, टायर तापले आणि आपटणं हळूहळू थांबलं. नीवेसचे खांदे सैल झाले. मिर्ता गाणं म्हणू लागली. मागून एर्मेसने खुशीचा हॉर्न दिला. सगळ्यांना वाटलं, दुखणं गेलं. मला कळत होतं की ते गेलेलं नाही, आत शिरलंय. तापलेल्या रबरात भेगा उघडत होत्या. उजव्या पुढच्या टायरवर एका जागी वरचा थर खालच्या थरापासून सुटायला लागला होता. भाजलेल्या कातडीवर फोड यावा तसा एक उंचवटा. अजून लहान होता. प्रत्येक फेऱ्याला तो एकदा रस्त्याला टेकत होता, आणि मी फक्त एवढंच सांगू शकत होते. टक्. टक्. टक्.

नीवेसने गाणं म्हणणाऱ्या पोरीला थांबवलं नाही. पण तिची बोटं स्टिअरिंगवर घट्ट झाली. कणीक मळताना खडा लागावा तसं काहीतरी तिच्या उजव्या हाताला लागत होतं.

मॉन्तेफोर्नोच्या चौकात जत्रा भरली होती. तीर्थ शिंपडून घ्यायला देवळापासून खाली रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग. त्यात ट्रॅक्टर, स्कूटर, गवत कापायची यंत्रं, गावाची रुग्णवाहिका, सगळं. बायका लोखंडी साच्यात तिजेल्ले म्हणजे छोट्या गोल भाकऱ्या भाजत होत्या, त्यात लसूण घातलेली चरबी भरत होत्या. मला पाहून माणसं बाजूला झाली आणि टाळ्या वाजवायला लागली. कुणीतरी ओरडलं, "लेआर्कोची हिरवी आली रे! आणि चालवतंय कोण बघा!"

देवळाचे फादर डॉन काल्लिस्तो पाणी शिंपडत रांगेतून आले. उकाड्याने त्यांचा झगा पाठीला चिकटला होता. माझ्यापाशी थांबून त्यांनी नीवेसकडे पाहिलं. "आलीस शेवटी. मला वाटलं, हा नवस माझ्यानंतरच्या फादरकडे जाणार."

"उशीर झाला, फादर."

"संत क्रिस्तोफरला घाई नसते. आधी कुणावर पाणी, गाडीवर की पोरीवर?"

"माझ्यावर!" मिर्ता ओरडली. तिच्या तोंडावर पाणी पडलं आणि ती फुरफुरली. मग माझ्या तापलेल्या बॉनेटवर पडलं आणि चर्र करून वाफ झाली. लोक हसले. नीवेस हात जोडून उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती. नवस फिटला होता. त्या वेळी तिचं तोंड एखाद्या लहान मुलीसारखं दिसत होतं.

मग तिने माझी किल्ली एर्मेसपुढे धरली.

एर्मेसने लगेच घेतली नाही. त्याने खिशातून हातमोजे काढले, पुन्हा आत ठेवले, पुन्हा काढले. "वहिनी," तो म्हणाला, "दादाने मला हिचं दार पण नीट लावू दिलं नाही कधी."

"माहीत आहे."

"मी उताराने जाऊ? जुन्या शर्यतीच्या वाटेने? दादा जायचा तसं? खालच्या पुलाकडच्या सरळ रस्त्यावर हिला एकदा, एकदाच, पूर्ण मोकळी सोडतो."

"मी पण! मी पण, एर्मेस आजोबा!" मिर्ता त्याच्या हाताला लोंबकळली.

"चल की. आजीने तुला बैलगाडीत आणलं. आता गाडी म्हणजे काय ते दाखवतो."

लोरेत्ताने तिजेल्ला खाता खाता मान हलवली. "जा, पण पट्टा बांध."

त्या वाटेचं प्रत्येक वळण मला पाठ आहे. आणि खालचा तो सरळ रस्ताही, ज्याच्या शेवटी पूल आहे आणि पुलाखाली नदीचे धोंडे. टक्, टक्, असं मी आता कसं म्हणणार? मी तर उभी होते. उभ्या गाडीला थरथरता येत नाही.

नीवेसने किल्ली अजून सोडली नव्हती.

"भावजी, उजवीकडे काहीतरी आहे. पुढे. वर येताना माझ्या हाताला लागत होतं."

एर्मेस खाली वाकला. त्याने टायरला बुटाने ठोकलं. बाहेरून पाहिलं. उत्सवाला आलेल्या मंडळातल्या दोघांनीही येऊन पाहिलं. "नक्षी जशीच्या तशी आहे, बाई," त्यातला एक म्हणाला. "नव्या लग्नातल्या चादरीसारखी."

"तुमच्या हाताला हिच्या स्टिअरिंगचीच सवय नाही, वहिनी," दुसरा म्हणाला. "असल्या गाडीत पहिल्यांदा बसलं की प्रत्येकाला काहीतरी लागतंच."

सगळे हसले. वाईट मनाने नाही. नीवेसही थोडं हसली. तिच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. मोडलेलं काही दाखवता येत नव्हतं, नाव घेता येत नव्हतं. दिलेला शब्द होता, आतुरलेला दीर होता, आणि दार उघडून आत चढलेली नात होती.

मी तिच्याकडे पाहत होते. ती देवळाच्या दाराकडे पाहत होती. तिचे ओठ हलत होते. मग तिने किल्ली स्वतःच्या मुठीत मिटली.

"अजून नाही," ती म्हणाली. "नवस येण्याजाण्याचा आहे."

मी दचकले. मला दचकता आलं असतं तर.

"काय?" एर्मेस म्हणाला.

"येताना पोर शेजारी. जाताना मी एकटी, पायी चालल्यासारखी, हळू. खाली घरी पोचले की गाडी तुमची. असा बोललेय मी."

"हे आधी नाही सांगितलंत."

"नवस काय दारावर पाटी लावून सांगायचा असतो?"

एर्मेसचा चेहरा लाल झाला होता. नवसापुढे तो बोलणार काय? पण तो दुखावला होता, फार दुखावला होता. तीस वर्षं वाट पाहिलेला माणूस दारात पोचतो आणि आतून कडी लागते, तसा.

"म्हणजे द्यायचीच नाही तुम्हाला," तो हळू म्हणाला. "आज खाली घरी. मग घरी काहीतरी दुसरं निघेल. दादा निदान तोंडावर तरी नाही म्हणायचा." त्याने हातमोजे खिशात कोंबले.

"आई, काय हे, सगळ्यांसमोर?" लोरेत्ता कुजबुजली.

मिर्ताला खाली उतरवलं तेव्हा ती रडायला लागली. "तू वाईट आहेस. वाईट आजी."

नीवेस आत बसली आणि तिने दार लावून घेतलं.

ती देवाच्या दारात खोटं बोलली होती. हे चौकात फक्त मला माहीत होतं. मी तो नवस ऐकला होता, त्यात जाण्याचा शब्द नव्हता. जी बाई उपासाच्या दिवशी पदार्थाची चवसुद्धा घेत नाही, तिने मारियामातेच्या नावाने स्वतःचा एक तुकडा जोडून दिला होता. आणि त्या तुकड्यात पोर नव्हती, दीर नव्हता. फक्त ती होती आणि मी.

आम्ही उताराला लागलो. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरवर, माणूस भरलेलं दुधाचं पातेलं घेऊन चालतो तशा. मागे उत्सवातून परतणाऱ्या गाड्यांची रांग लागली. हॉर्न वाजायला लागले. एका स्कूटरवाल्याने बाजूने जाताना ओरडून विचारलं, "आजी, आत मेंढ्या आहेत का?" नीवेसने मान वळवली नाही. जपमाळ तिने स्टिअरिंगला गुंडाळली होती आणि प्रत्येक वळणाला एक मणी सरकवत होती.

टक्. टक्. टक्.

"ऐकतेय मी," ती म्हणाली. पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "तुझं काय दुखतंय ते मला कळत नाही गं. मला गाड्यांतलं काही कळत नाही. तू फक्त एवढं कर, मला सांगत राहा."

मी सांगत राहिले. उंचवटा आता मुठीएवढा झाला होता. उतारावर माझं सगळं वजन पुढच्या पायांवर येत होतं, ब्रेकची धग टायरला लागत होती. उजवीकडे दरी, कमरेएवढा दगडी कठडा, कठड्यापलीकडे नुसतं ऊन. आवाज बदलला. टक् चं ठप् झालं. नीवेसने पाय आणखी हलका केला. मागून हॉर्नचा कल्लोळ झाला. एर्मेसचाही हॉर्न त्यात होता.

मग तो आवाज आला. बंदूक उडावी तसा.

टायरचा वरचा थर सबंध सुटला आणि चाबकासारखा माझ्या मडगार्डवर बसला. पत्रा फाटला. मी उजवीकडे, दरीकडे ओढली गेले. मला स्वतःला थांबवता येत नव्हतं. नीवेसने दोन्ही हातांनी स्टिअरिंग डावीकडे ओढून धरलं, आख्खं अंग त्यावर टाकलं. ती ओरडली नाही. कठड्याचा दगड माझ्या कुशीवर घासत गेला, घासत गेला, ठिणग्या उडाल्या, आणि आम्ही थांबलो. माझं नाक कठड्याला टेकलेलं. बाहेर भरदुपारी झाडांवर किरकिरणारे किडे एकदम थांबले होते. जपमाळ तुटून मणी तिच्या पायांशी पसरले होते.

एर्मेस धावत आला. आधी नीवेसला पाहिलं, खांद्यांना धरून, डोक्याला हात लावून. "लागलं का? वहिनी? बोला ना."

"नाही लागलं."

मग तो माझ्याकडे वळला. रस्त्यावर टायरचा तो थर कात टाकल्यासारखा पडला होता, नक्षी अजून जशीच्या तशी. एर्मेस गुडघ्यावर बसला. त्याने उघड्या हाताने उरलेल्या टायरच्या आतल्या बाजूला चाचपलं. बोटांना भेगा लागल्या. तो उठला, डाव्या चाकाच्या आत हात घातला. तिथेही भेगा. मागे गेला. तिथेही. मग त्याने मान वर केली आणि उताराच्या खाली पाहिलं. तिथून तो सरळ रस्ता दिसतो, उन्हात पांढरा, आणि त्याच्या शेवटी पूल.

तो रस्त्यातच खाली बसला.

लोरेत्ता आणि मिर्ता मागून आल्या. लोरेत्ताने एकदा टायरकडे पाहिलं, एकदा पुलाकडे, आणि मिर्ताला उचलून घेतलं. सात वर्षांची घोडी, पण तिने ती तान्ही असल्यासारखी छातीशी धरली. मागच्या गाड्यांनी हॉर्न थांबवले.

एर्मेस म्हणाला, "दादाने बसवले होते म्हणून मी..."

"मला माहीत आहे."

"वहिनी. एक विचारू? नवस खरंच येण्याजाण्याचा होता?"

नीवेस वाकून मणी गोळा करत होती. तिने ते रुमालात बांधले, गाठ मारली.

"नव्हता," ती म्हणाली. "पाप झालंय. शनिवारी पापाची कबुली देताना फादरना तोंड कसं दाखवू कळत नाहीये. आणि ही घ्या किल्ली. घरी पोचायची वाट कशाला बघायची?"

एर्मेस हसायला लागला आणि हसता हसता रडायला लागला, आणि वहिनीच्या दोन्ही हातांवर त्याने कपाळ टेकलं.

डॉन काल्लिस्तोंनी तिला काय प्रायश्चित्त दिलं मला माहीत नाही. तिने ते कुणाला सांगितलं नाही. पण त्या शनिवारी देवळातून येताना ती चालत नव्हती, जवळजवळ उड्या मारत होती, असं मिर्ता सांगत होती.

मी आता एर्मेसच्या गॅरेजमध्ये आहे. माझी कूस ठोकून सरळ केली, मडगार्डला नवा पत्रा जोडला. माझे दोन गाल आता पूर्वीपेक्षाही वेगळे दिसतात. टायर नवे आहेत, दुसऱ्याच जातीचे. मंडळातले लोक हळहळतात, मूळपण गेलं म्हणून. एर्मेस त्यांना आत नेतो, कापलेला जुना टायर उलटा करून दाखवतो. काही जण गप्प होतात. काही जण मात्र नक्षीवरूनच हात फिरवतात आणि म्हणतात, "पण वरून किती चांगला आहे बघ." ते आपापल्या गाडीत बसून निघून जातात, आणि मी त्यांच्या चाकांचा आवाज दूरपर्यंत ऐकत राहते.

आज सकाळी एर्मेस पहिल्यांदा माझ्या स्टिअरिंगपाशी बसला. हातमोजे त्याने घातले नाहीत. म्हणाला, त्यातून हाताला काही लागत नाही. गिअर थंड होता, दुसरा पडेना, तो जोर न लावता थांबला. नदीकाठच्या रस्त्याला आम्ही सायकलवाल्यांच्या मागून गेलो. मधे त्याने एकदा मला कडेला घेतलं, इंजिन बंद केलं, आणि तळवा माझ्या अंगावर ठेवून बसून राहिला.

माझ्या पोटात अजून पुष्कळ काही जुनं आहे. नळ्या आहेत, सांधे आहेत, ज्यांच्यापर्यंत कुणाचा हात पोचलेला नाही. त्यातलं काय उद्या तुटेल, मलाही आधी कळत नाही. म्हणून तुम्हाला विनवते. माझ्यासारखीच्या आसनावर पहिल्यांदा बसाल तेव्हा तुमची छाती धडधडेल, आणि तुम्हाला वाटेल ती धडधड आनंदाची आहे. असेलही. पण हात स्टिअरिंगवर हलके ठेवा. त्यांना काही लागलं, तर भोवतालचे हसले तरी चालेल, तुम्ही थांबा. मी तेव्हा बोलत असेन.